रेवदंडा ते वेळास: आम्ही चौघं आणि मिरी

कोकणात समुद्राकाठानं चालत गेलेल्यांचे अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात. कुत्रा गाडीत घालून कोकणात जाऊन आलेल्यांचेही मिळतात. पण कुत्रा बरोबर घेऊन, गावोगाव मुक्काम करत, पायी गेलेलं कुणी मला सापडलं नाही. म्हणून आमचं जे जसं झालं ते तारीखवार लिहून ठेवतेय. कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही म्हणजे मी, सायली, निखिल आणि मंदार. मंदार मूळचा मालवणचा, त्यामुळे समुद्राबद्दल काहीही विचारलं की शेवटचा शब्द त्याचा. आणि मिरी. काळी कुळकुळीत, गावठी, साडेपाच वर्षांची, अठरा किलो वजनाची. तिला समुद्र माहीत नव्हता. आम्हाला मात्र आपल्याला माहीत आहे असं वाटत होतं.

आधीच सांगते, चालणं हा यातला सोपा भाग. पुण्यात वेताळ टेकडीवर रोज सकाळी जाणाऱ्या कुत्र्याला दिवसाला पंधरा-सोळा किलोमीटर सवयीनं जमतात. अवघड आहे ते विचारत जाणं. होम-स्टेवाल्यांना, गाडीवाल्याला, खाडी ओलांडणाऱ्या बोटीवरच्या माणसाला, खानावळीच्या काकूंना, प्रत्येकाला एकच प्रश्न: "बरोबर कुत्रा आहे, चालेल का?" आणि प्रत्येक गावातली कुत्री तोच प्रश्न उलटा आपल्याला विचारतात, तो वेगळा.

तयारी नोव्हेंबरात सुरू केली. पहिलं काम डॉक्टरांचं. रेबीजची लस मार्चपर्यंत चालू होती, पण लेप्टोचा, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या लसीचा, बूस्टर राहिला होता. ओढे, शेताची पाणथळ, गुरांची वर्दळ यामुळे तो आधी घ्या, असं डॉक्टर म्हणाले. कोकणात गोचिडं भयंकर, आणि गोचिडाचा ताप कुत्र्याला फार वाईट पडतो. त्यासाठी महिनाभर टिकणारी गोळी निघण्याच्या चारेक दिवस आधी दिली. निघायच्या आदल्या दिवशी तपासणी करून 'प्रवासास योग्य' असा दाखला घेतला. लस, गोळी, दाखला मिळून अडीच हजारांच्या आसपास गेले.

दुसरं काम महापालिकेच्या परवान्याचं. पुष्कळ लोकांना हे माहीतच नसतं, की कुत्रा पाळायला परवाना लागतो आणि तो दरवर्षी नवा करावा लागतो. अर्ज ऑनलाइन होतो. लसीचं प्रमाणपत्र, राहण्याचा पुरावा आणि कुत्र्याचा फोटो जोडायचा. फी किरकोळ. भानगड झाली ती वेगळीच. मिरीच्या लसीच्या कार्डावर फार पूर्वी कुणीतरी 'मीरा' लिहून ठेवलं होतं आणि परवान्यावर आलं 'मिरी'. दवाखान्यात बदलून मागितलं, तर "राहू द्या हो, कोण बघतंय," असं उत्तर मिळालं. मी कार्ड, परवाना आणि दाखला यांचे फोटो मोबाइलमध्ये ठेवले आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठपिशवीत. तुम्हीही मूळ कागद न्याच. किनाऱ्यावर रेंज असतेच असं नाही.

मग फोन. राहण्याच्या जागा मी डिसेंबरभर शोधत होते. साधारण पंचवीस-तीस ठिकाणी तरी बोलले असेन. सरळ "नाही" म्हणणारे निम्मे. उरलेल्यांची उत्तरं मोठी मजेची होती. एक काका म्हणाले, "माणसं किती ते सांगा आधी." एका ठिकाणी "लहान आहे ना?" विचारलं, मी अठरा किलो सांगितलं, तर पलीकडून बराच वेळ काही आवाजच नाही. दिवेआगरच्या काकूंनी मात्र सरळ विचारलं, "सोवळ्याचं काही नाही हो आमच्यात, पण आमचा एक आहे दारात. भांडतील का?" मी म्हटलं, आमची भांडत नाही. "आमचा भांडतो," काकू म्हणाल्या. "पण बघू, पडवीत ठेवा तुमचीला." एवढा प्रामाणिक माणूस मिळाला की जागा पक्की करून टाकावी. मी केली.

फोनवर काय विचारावं, तर चार गोष्टी. कुत्रा खोलीत चालेल की पडवीत. आवाराला कुंपण आहे का. घरचा कुत्रा आहे का. आणि आंघोळीला बाहेर नळ आहे का. हा शेवटचा प्रश्न मला आधी सुचला नव्हता, तो सायलीचा. रोज संध्याकाळी वाळू आणि मीठ धुऊन काढायला गोडं पाणी लागतंच, आणि ते खोलीतल्या बाथरूममध्ये केलं तर पुढच्या कुत्रेवाल्याला कायमचं "नाही" ऐकावं लागणार.

तारखा ठरवल्या मंदारनं, पंचांग बघून. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, ती सहा तास मागे नेली की ओहोटीची. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराला आणि ओहोटी पहाटे सव्वापाचला. छापील तक्त्याशी ताडून बघितलं तर अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही इकडेतिकडे होतं, पण आराखडा करायला हे गणित पुरतं. आम्हाला हवी होती सकाळची ओहोटी, कारण तेव्हा ओली, घट्ट, गार वाळू चालायला मिळते. कुत्र्यासाठी हाच मुद्दा सगळ्यात मोठा. दुपारच्या कोरड्या वाळूवर हाताचा मागचा भाग पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला ठेववत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसणार नाही. २९ जानेवारी २०२५ ला पौष अमावास्या होती. तिच्या दुसऱ्या दिवशी चालायला लागायचं, म्हणजे पुढचे काही दिवस ओहोटी सकाळीच आणि दर दिवशी थोडी पुढे सरकत जाणारी. अमावास्येचं उधाण असल्यामुळे पाणी आतही खूप जातं. अर्थात दुपारी ते तेवढंच वर सुरूच्या झाडांपर्यंत येतं, तेव्हा तोवर किनारा सोडलेला बरा.

२९ ला दुपारी ताम्हिणीतून कोलाड, रोहा करत रेवदंड्याला पोचलो. गाडीवाल्या दादांना कुत्र्याचं आधीच सांगितलं होतं. त्यांची अट एवढीच, की सीटवर घरची जाड चादर टाकायची आणि घाण झाली तर धुण्याचे पैसे वेगळे. रास्त होती. मिरीला सकाळपासून उपाशी ठेवलं होतं, त्यामुळे ताम्हिणीच्या वळणांवर काही झालं नाही. घाटात कुत्र्याला नेणार असाल तर निघायच्या आधी पाच-सहा तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं द्या.

३० जानेवारी, गुरुवार. अंधारातच निघालो, कारण कुंडलिकेवरचा रेवदंडा-साळाव पूल अरुंद आहे आणि वाहनं सुरू व्हायच्या आत तो पार करायचा होता. कुत्र्याला गाड्यांच्या विरुद्ध बाजूला, आपल्या आणि कठड्याच्या मध्ये ठेवायचं. कोर्लईला पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं आणि ओहोटी लागलेली होती. पहिल्यांदा समुद्र बघितल्यावर मिरीनं काय केलं, तर त्याच्यावर भुंकली. लाट परत गेली. आपल्यामुळेच गेली, अशी तिची खात्री झाली आणि मग पुढची वीस मिनिटं हेच काम चाललं.

ती खारं पाणी पिते का, यावर लक्ष ठेवावं लागतं. कुत्रा खेळताना लाटा चाटतो, आणि जास्त पोटात गेलं की उलट्या-जुलाब. उपाय एकच: समुद्राजवळ नेण्याआधी गोडं पाणी भरपूर पाजायचं आणि दर अर्ध्या तासाला पुन्हा पुढे करायचं. तिच्या एकटीसाठी आम्ही दिवसाला तीन लिटर वाहून नेत होतो, चौघांत वाटून.

कोर्लई गावातली कोळीवाड्याची वाट हा वेगळा पेपर. वलांड्यांवर, म्हणजे मासे वाळवायच्या आडव्या बांबूंवर, बोंबील लटकलेले, आणि खाली जाळीवर, ताडपत्रीवर, जागा मिळेल तिथं जवला पसरलेला. मिरीचं नाक वर. मी दोरी हाताला दोन वेढे देऊन आखडून धरली होती, तरी एका बाईंनी लांबूनच आवाज दिला, "ए पोरी, धर गो त्या कुत्रीला, जवला हाय तो!" धरलंय मावशी, म्हटलं. त्या उठून आल्याच, आणि स्वतः पुढे चालत आम्हाला वाडी पार करून दिली. वाटेत गावातल्या कुत्र्यांना हाड-हाड करायचं कामही त्यांनीच केलं. पुढे प्रत्येक कोळीवाड्यात मी हेच करत गेले. आत शिरण्याआधी थांबायचं, पहिल्या बाईला विचारायचं, "मावशी, कुत्री घेऊन कुठनं जाऊ?" विचारलं की वाट मिळते आणि सोबतही.

दुपारी बोर्लीच्या पुढे सावलीत चार तास. हे चार तास दररोज धरूनच चला. अकरा ते साडेतीन कुत्रा चालवायचा नाही, माणसाला कितीही उत्साह असो. संध्याकाळी काशीद. गुरुवार होता म्हणून घोडे आणि वाळूतल्या मोटारी कमी होत्या; शनिवार-रविवारी काशीदच्या पुळणीवर कुत्रा नेऊच नये, असं माझं मत आहे.

पायांचं सांगते. पुण्याहून मिरीसाठी कुत्र्याचे बूट नेले होते, चांगले दीड हजारांचे. पहिल्या सकाळी घातले. तिनं चारी पाय आळीपाळीनं उचलून झटकले, मग खाली बसून दातांनी दोन काढले, आणि एक काशीदच्या अलीकडे वाळूत कुठेतरी राहिला. उरलेले तीन पिशवीतच होते शेवटपर्यंत. त्यापेक्षा रात्री पंजे धुऊन, कोरडे करून, बोटांमधली वाळू कापडानं काढून वर व्हॅसलीन चोळलेलं जास्त उपयोगी पडलं.

३१ ला काशीदहून नांदगाव, विहूर करत मुरूड. वरच्या अंगाला फणसाड अभयारण्य आहे, एके काळचं जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. अभयारण्यात पाळीव कुत्रा नेता येत नाही, त्यामुळे आतली वाट मनातही न आणता डांबरी रस्ता धरला. नांदगावच्या किनाऱ्यावर मंदारनं एकदम "ओढ, ओढ तिला!" म्हणून ओरडून माझा हात धरला. मिरीच्या नाकापुढे वीतभर लांबीचा, वाळून टरटरीत फुगलेला मासा होता. पोट पांढरं, खरखरीत, आणि तोंडात पुढे चोचीसारखे दात. मालवणात याला केंड म्हणतात. जाळ्यात आला की कोळी तो किनाऱ्यावर फेकून देतात. विषारी असतो, वाळला तरी विष जात नाही. कुत्र्यानं चघळला तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळेलच असं नाही. त्यानंतर रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढतात त्या, आणि होड्या लागतात त्या जागांवर आम्ही तिला मोकळं सोडलंच नाही. तुटक्या जाळ्यातले गळ आणि जेलीफिश हेही तिथंच पडलेले असतात.

मुरूडला विशेष काही नाही. जंजिरा आधी बघितलेला होता, तो आता लांबूनच.

१ फेब्रुवारी, शनिवार, माघी गणेश जयंती. मुरूडहून आगरदांड्याला आणि तिथून जंगलजेटीनं दिघी. ही जेटी म्हणजे खाडीतून माणसं, मोटारसायकली, गाड्या, सगळं एकदम पलीकडे नेणारी बोट. तिकीट माणशी पन्नासच्या आतच. कुत्र्याचं काय, म्हणून खिडकीवर विचारलं तर आतल्या माणसानं वाकून मिरीकडे बघितलं. "चावती का?" "नाही." "मुसकं हाय?" ते होतं, कापडी, मी लगेच काढून दाखवलं. "मग घाला आणि कडंला उभे रहा. गाड्या चढू द्या आधी." तिकीट लावलं नाही. हे दरवेळी असंच होईल असं धरू नका, पण मुसकं खिशात असणं फार कामाचं आहे. घालायला लागतंच असं नाही. दाखवलं की समोरचा निर्धास्त होतो. बोटीत इंजिनाचा आवाज मोठा आणि पायाखाली लोखंडी पत्रा थरथरतो. मिरी थरथरली, निखिलच्या बुटांवर बसून राहिली. पत्रा तापलेला असतो, खाली चादर टाका.

दिघीला उतरलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. ऊन चढलेलं. मिनीडोअरवाल्या भाऊंना विचारून आदगावपर्यंत गेलो, तिला पायाशी घेऊन, रिकाम्या सीटचे पैसे देऊन. आदगावला दुपार काढली आणि संध्याकाळी चालत दिवेआगर.

दिवेआगर त्या दिवशी फुलून गेलं होतं. इथली सोन्याची गणेशमूर्ती १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या बागेत खणताना सापडली, २०१२ मध्ये दरोडा पडून गेली, त्यात दोन पहारेकऱ्यांचे जीव गेले; २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली. तेव्हापासून गर्दी परत आली, असं काकू सांगत होत्या. बाकी तिघं आळीपाळीनं दर्शन घेऊन आले. मी मिरीला घेऊन गर्दी टाळत मागच्या पाखाडीनं, म्हणजे दगडी पायवाटेनं, घराकडे निघाले, आणि तिथंच काकूंचा वाघ्या आला.

मिरीचा पट्टा माझ्या हातात, वाघ्या मोकळा. तो एकदम गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, आला. भुंकणं नाही, काही नाही. मी ओरडले, दोरी सोडून दिली, आणि पाणी भरलेली बाटली दोघांच्या मध्ये जोरात आपटली. ती फुटली आणि दोघं दचकून सुटले. सगळं दहा सेकंदांत. मिरीचा डावा कान खालून फाटला होता आणि रक्त चांगलंच येत होतं. दोरी सोडणं मला मंदारनं आधीच बजावलेलं: बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि लढताही येत नाही. आणि हात मध्ये घालायचा नाही, काही झालं तरी. घातला आणि नुसता ओरखडा जरी आला, तरी साबणानं धुऊन लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचं. रेबीजची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि "बघू उद्या" हा प्रकार त्यात चालत नाही.

काकू धावत आल्या. त्यांना माझ्याहून जास्त वाईट वाटलं होतं. "सांगितलं होतं हो मी," एवढंच म्हणत राहिल्या. नळाखाली कान पंधरा मिनिटं धरला, साबण लावून. मिरीला ते चावण्याहून जास्त लागलं असावं. मग पुण्याच्या डॉक्टरांना फोन. त्यांनी विचारलं, चावणाऱ्याला लस दिलीय का? काकू म्हणाल्या, लहान होता तेव्हा एकदा शिबिरात दिली होती, कागद नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं ते असं: मिरीची लस चालू असली तरी बूस्टर द्यायचा, शक्य तितक्या लवकर, आणि तीन दिवसांनी परत एक. आणि वाघ्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. तो दहा दिवस नीट खाऊन-पिऊन असला तर त्याच्याकडून रेबीजची भीती नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. तसाही दिवेआगरला विश्रांतीचा दिवस ठेवलेला होता, पण मी तो फोन करण्यात घालवला. कुठला दवाखाना उघडा, लस आहे का. ती रात्रभर कान झटकत होती आणि पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर रक्ताचे बारीक शिंतोडे उडत होते. सकाळी मी ओल्या फडक्यानं भिंत पुसत असताना काकू चहा घेऊन आल्या, म्हणाल्या, "राहू दे गं, चुना लावायचाच आहे." मग तिथंच बसल्या आणि बागेचं सांगायला लागल्या. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. त्यांच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारीत मोडल्या. नवीन लावल्या, पण सुपारी धरायला वर्षं जातात. मधल्या काळात खोल्या भाड्यानं देणं हाच आधार. मला फोनवर त्या "बघू" का म्हणाल्या, ते तेव्हा उमगलं. कुत्रा नको असं म्हणणं त्यांना परवडणारं नव्हतं.

३ फेब्रुवारी, सोमवार. दिवेआगर ते श्रीवर्धन हा या सगळ्या वाटेतला सर्वात देखणा तुकडा: भरडखोल, शेखाडी, आरावी, डोंगर आणि पाणी यांच्या मधून जाणारा रस्ता. सायली आणि मंदार तो चालले. मी आणि निखिल मिरीला घेऊन रिक्षानं श्रीवर्धनला, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात. आमच्या आधी दोन म्हशींचे मालक औषध न्यायला आले होते आणि एक शेळी होती. केसपेपरची रक्कम अगदी नाममात्र. डॉक्टर तरुण, शांत. कार्ड बघितलं, परवाना बघितला, मग माझ्याकडे. "ही मीरा की मिरी?" मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. केसपेपरवर 'मिरी ऊर्फ मीरा' असं लिहिलं, लसीचा बॅच क्रमांक कार्डावर चिकटवला, सही-शिक्का केला. कानाला टाके नकोत म्हणाले, जखम उघडी राहू दे, चावल्याची जखम लगेच शिवत नाहीत. माश्या बसू नयेत म्हणून फवारा दिला. समुद्राचं पाणी लागू द्यायचं नाही.

हा शेवटचा सल्ला किनाऱ्यानं चालणाऱ्या माणसाला देणं म्हणजे काय, तुम्हीच बघा.

मग ४ तारखेला श्रीवर्धन ते हरिहरेश्वर आम्ही किनारा सोडून रस्त्यानं गेलो. निम्मी वाट चालत, निम्मी गाडीनं. श्रीवर्धन म्हणजे पेशव्यांच्या भट घराण्याचं गाव, आणि रोठा सुपारीचं. दोन्ही बघायला वेळ ठेवा, आम्हाला तो मिळाला नाही. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कुत्रा घेऊन करू नये. कड्याच्या फटीतून पायऱ्या उतरून खाली समुद्रालगतच्या खडकांवर जावं लागतं, आणि भरतीच्या वेळी लाटा त्या वाटेवर येतात. तिथं माणसं वाहून गेलेली आहेत. रथसप्तमीचा दिवस, ओहोटी दुपारच्या सुमाराला होती, तेव्हा दोघं-दोघं जाऊन आलो. राहिलेले दोघं मिरीपाशी.

५ ला सकाळी बागमांडला आणि तिथून जंगलजेटीनं सावित्रीची खाडी ओलांडून वेशवी. म्हणजे रायगड संपून रत्नागिरी जिल्हा. या वेळी मुसकं मी आधीच हातात धरलं होतं. कुणी विचारलंच नाही. बाणकोटच्या किल्ल्याखालून वेळासला पोचलो. नाना फडणवीसांचं गाव, आणि आता कासवांचं.

इथं कुत्रेवाल्यांनी जरा नीट वाचावं. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्री पुळणीवर येऊन अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडायला दीड ते दोन महिने लागतात. या घरट्यांचे मोठे शत्रू म्हणजे कोल्हे आणि कुत्रे. वास लागला की उकरून काढतात. गावकरी अंडी हलवून कुंपणाच्या आत ठेवतात ते त्यासाठीच. वेळासच्या घरवाल्या दादांनी फोनवरच सांगितलं होतं: कुत्री किनाऱ्यावर न्यायची नाही, दोरी बांधूनसुद्धा नाही, आणि लसीच्या कार्डाचा फोटो पाठवा. मी पाठवला होता. गेल्यावर त्यांनी मूळ कार्डही बघितलं, दिवेआगरचा प्रकार विचारून घेतला आणि मिरीला गोठ्याशेजारच्या खोलीत जागा दिली. मला हे कडक वागणं आवडलं. तिघं संध्याकाळी हॅचरी बघायला गेले, मी अंगणात मिरीच्या अंगावरची गोचिडं शोधत बसले. गोळी दिलेली असली तरी काही चिकटतातच. गोळीनं ती मरतात एवढंच. कानाच्या आत, काखेत आणि बोटांच्या मध्ये बघायचं.

६ ला सकाळी तीच गाडी वेळासला बोलावली होती. त्याच संध्याकाळी पुण्यात दुसरा बूस्टर झाला. खर्च माणशी अकरा हजारांच्या आसपास आला: राहणं, दोन वेळचं घरगुती जेवण, येण्याजाण्याची गाडी आणि वाटेतल्या रिक्षा धरून. मोदक त्यात आहेत, बूट नाहीत. पैशांत सगळ्यात मोठा आकडा गाडीचा. कुत्रा नसता तर एसटीनं निम्म्यात झालं असतं.

परत जाणार असेन तर काय बदलेन? घरचा मोकळा कुत्रा आहे असं कुणी म्हटलं, तर आपण पोचायच्या वेळी त्याला बांधून ठेवाल का, हे विचारेन, आणि गावाच्या वेशीवरून फोन करेन. दिघीनंतरचा भाग आठवड्याच्या मधल्या दिवसांत ठेवेन. आणि दिवेआगर-श्रीवर्धन तुकडा चालायचा राहिलाय, तो चालेन.

वाघ्याचं सांगायचं राहिलं. मी रोज संध्याकाळी काकूंना फोन करत होते: जेवला का, पाणी पितो का, चालतो नीट का. पहिले चार दिवस त्यांनी व्यवस्थित उत्तरं दिली, मग जरा कंटाळल्या. ११ तारखेला मी करायच्या आत त्यांचाच फोन आला. "भरले बाई तुझे दहा दिवस. आत्ताच ओट्यावरची सुरमई घेऊन पळालाय. काही झालेलं नाही त्याला." श्रीवर्धनच्या डॉक्टरांकडे त्याला लसीसाठी कधी नेणार, ते मात्र अजून ठरत नव्हतं. शेवटी मार्चमध्ये काकूंच्या मुलानं नेलं. कार्डाचा फोटो मला पाठवलाय. नावाच्या रकान्यात 'वाघ्या' नीट लिहिलंय.